सोडियमला रॉकेल हवंय

निमगाव केतकीच्या रेशन दुकानात त्या संध्याकाळी पंधरा माणसं रांगेत होती. स्वरूपा आठवी. नंबर आल्यावर तिने पिशवीतून रिकामी बाटली काढून फळीवर ठेवली आणि म्हणाली, "एक लिटर रॉकेल द्या."

दुकानदार गेणूने चष्मा कपाळावर सरकवला. "रॉकेल?"

"हो."

"मॅडम, घरोघरी गॅस आला तवापासनं रॉकेल बंद हाय. तुमी कुठल्या सालातनं आलाय?"

रांग हसली. मागची एक आजी पदर तोंडाला लावून म्हणाली, "अगं, चुलीला गवऱ्या लाव की. मी देते दोन."

"चुलीला नकोय, आजी." स्वरूपाचे कान तापले. "सोडियमला हवंय."

रांग गप्प झाली. सोडियम हा कुणाचा पाहुणा, ते कुणालाच कळेना. तेवढ्यात दाराशी उभा असलेला एक उंच तरुण खांद्यावरची पिशवी सावरत पुढे आला.

"किती उघडं पडलंय?"

स्वरूपाने वळून पाहिलं. गेल्या आठ दिवसांत तिचं मुख्याध्यापिकांना, शिपाईमामांना, चार किराणा दुकानदारांना आणि सख्ख्या भावाला विचारून झालं होतं. नेमका प्रश्न विचारणारा हा पहिलाच.

"बोटभर," ती म्हणाली. "वरचे तुकडे पांढरे पडलेत."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "बरणी कुठंय?"

"शाळेत. कपाटात."

"मग इथं काय करताय? चला."

"कुठं?"

"मेडिकलमध्ये."

मेडिकल रस्त्यापलीकडेच होतं. तिथे त्याने लिक्विड पॅराफिनच्या पाच मोठ्या बाटल्या मागितल्या. दुकानदाराने पाचही काढल्या, पुसल्या, आणि मग आळीपाळीने दोघांकडे बघत मायेनं सांगितलं, "रोज झोपताना दोन-दोन चमचे. पोट साफ होतं. किती दिवसांचा त्रास हाय?"

"आम्हाला नकोय!" दोघं एकदमच म्हणाले.

"लाजायचं काय त्यात? नव्या संसारात जेवणाच्या वेळा बदलत्यात. हुतं असं."

स्वरूपाने पैसे ठेवले आणि बाटल्या उचलून जवळजवळ पळतच बाहेर आली. रस्त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता, त्यामुळे थांबावंच लागलं. तो शेजारी येऊन उभा राहिला. हसू दाबताना त्याची हनुवटी हलत होती.

"रॉकेल नसलं तरी चालतं," तो म्हणाला. "सोडियमला हवा आणि पाणी लागू द्यायचं नाही, एवढंच. तुकडे चिमट्यानंच हलवा. आणि हात कोरडे—"

"मी विज्ञान शिकवते."

"मग रॉकेल बंद झालेलं कसं माहीत नाही?"

"ते नागरिकशास्त्रात येतं."

आता तो मोकळेपणाने हसला. ट्रॅक्टर गेला. त्याने तिच्या कानाजवळ बोट दाखवलं, पण हात मध्येच थांबवला. "केसांत... उसाचं पातं अडकलंय."

तिने ते काढलं, स्कूटी चालू केली आणि फाट्यावरून चार किलोमीटर आत असलेल्या शाळेत परत गेली. पॅराफिन ओतलं. सोडियमचे करडे तुकडे त्या नितळ द्रवात पूर्ण बुडाले, तेव्हा तिने आठ दिवसांनी पहिल्यांदा मोठा श्वास घेतला. आणि मग लक्षात आलं, आपण त्या माणसाचं नावच विचारलं नाही...

*

शाळेची प्रयोगशाळा तीन वर्षं कुलूपबंद होती. तीन वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीच्या हातावर आम्ल सांडलं होतं. कुणी हळद आणायला धावलं, कुणी टूथपेस्ट. नळाखाली हात धरायचं कुणाला सुचलं नाही. मुलगी बरी झाली, पण मनगटावर डाग राहिला. त्याच दिवशी मुख्याध्यापिका सरोजिनी मॅडमनी दाराला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या टेबलाच्या खणात टाकली.

तेव्हापासून मुलं प्रयोग पडद्यावर बघत. स्वरूपा जूनमध्ये बारामतीहून या शाळेत लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिने किल्ली मागितली. मॅडम नाही म्हणाल्या. जुलैत मागितली, ऑगस्टमध्ये मागितली. डिसेंबरात मॅडम थकल्या.

"दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेपर्यंत," त्या म्हणाल्या. "पण आधी साफसफाई, मग तपासणी. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे, आपलाच माजी विद्यार्थी. तो पास म्हणाला तर मुलं आत जातील. आणि स्वरूपा, एक जरी गोष्ट बिघडली ना, तर मी निवृत्त होईपर्यंत हे दार उघडणार नाही."

"मग मुलांचे प्रात्यक्षिकाचे गुण?"

"देऊ. जसे देतात तसे."

ते 'जसे देतात तसे' स्वरूपाला झोंबलं. अडतीस मुलं. त्यांतल्या एकानेही परीक्षानळी हातात धरलेली नव्हती.

केमिस्ट शनिवारी आला. दारात तोच उंच माणूस, हातात वही.

"तुम्ही?" स्वरूपा म्हणाली.

"राजवर्धन." त्याने गंभीरपणे मान लववली. "पोट कसं आहे?"

शेजारी उभे असलेले शिपाई सावळाराममामा चमकले. "बाईंचं पोट बिघडलंय व्हय?"

"सोडियमचं, मामा," स्वरूपा घाईने म्हणाली, आणि मामांचा गोंधळ आणखीच वाढला.

त्याने अडीच तास घेतले. अमोनियाची बाटली हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मांडीला मांडी लावून. आम्लं सगळ्यांत वरच्या फळीवर, डोक्याच्याही वर. एक आम्ल थंड पेयाच्या जुन्या बाटलीत. निम्म्या बाटल्यांची नावं कसरीने खाल्लेली. मागचं दार मोडक्या बाकांनी अडलेलं. वाळूच्या बादलीत त्याने हात घातला आणि बाहेर काढून तळवा तिच्यापुढे धरला.

"ओली आहे. आणि कुणीतरी पान खाऊन थुंकलंय."

मामा छताकडे बघू लागले. ते पान राजवर्धनच्याच घरच्या पानमळ्यातलं होतं, पण ती वेळ हे सांगायची नव्हती.

"खुर्चीचा एक पाय मोडलाय, तेही लिहा," स्वरूपा फणकाऱ्याने म्हणाली.

"लिहिलंय. नऊ नंबर."

"एकूण किती?"

"सतरा."

तिने वही ओढून घेतली. अक्षर बारीक, सरळ, एकही खाडाखोड नाही. शेवटची ओळ वाचून तिच्या भुवया वर गेल्या. "'सतरा. शिक्षिकेची ओढणी दिव्याजवळ लोंबते.' ...ओढणीपर्यंत पोचलात?"

"निरीक्षण म्हणजे सगळंच बघावं लागतं." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. त्याने पेनाला टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "म्हणजे... आगीच्या दृष्टीनं."

"आगीच्याच," स्वरूपा म्हणाली, आणि खिडकीकडे वळली. हसू दिसायला नको होतं.

*

दुसरी तपासणी चोवीस जानेवारीला ठरली. मध्ये पाच आठवडे होते.

निरीक्षकाने मधल्या काळात यायचं काही कारण नव्हतं. तरी राजवर्धन प्रत्येक शनिवारी येत होता. कारखान्यातली पाळी संपवून थेट यायचा. कपड्यांना गरम मळीचा गोडसर वास असायचा. आधी म्हणायचा, "सहज डोकावलो." मग बाह्या वर करायचा.

दोघांनी बाकं हलवून मागचं दार मोकळं केलं. आम्लं खालच्या फळीवर, प्लास्टिकच्या ट्रेमध्ये आली. नीरा नदीच्या काठची वाळू स्वरूपाने शाळेच्या गच्चीवर पत्र्यावर पसरून चार दिवस वाळवली. पाचव्या दिवशी राजवर्धनने मूठ भरली, आणि बोटांच्या फटींतून ती सरसर खाली गेली.

"आता कशी?" तिने विचारलं.

"आता ऐकते."

"तुमचं सगळं ऐकणारंच हवं वाटतं?"

"नाही." त्याने हात झटकले. "न ऐकणारं एक माणूस मला शनिवारी भेटतं. तेवढं पुरतं."

गच्चीवर वारा होता. लांबवर तोडणी झालेल्या उसाचं रान मोकळं पडलं होतं. पत्र्यावरची उरलेली वाळू तिने उगाच दोनदा गोळा केली.

नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम मामांकडे होतं. मामा मे महिन्यात निवृत्त होणार होते. तीस वर्षं त्यांनी ही खोली झाडली होती, आणि तीन वर्षं बंद दाराबाहेर स्टूल टाकून बसले होते. दार उघडल्याचा आनंद त्यांच्याइतका कुणालाच झाला नव्हता. एकच गोष्ट त्यांना पटत नव्हती.

"बाई, सोडियम रॉकेलातच ऱ्हातं. म्या तीस वर्सं ठेवलंय. जुलाबाच्या औशदात कसं ऱ्हाईल त्ये?"

"राहतं, मामा. रॉकेलपेक्षा चांगलं राहतं."

"बरं." मामा 'बरं' म्हणत, पण मान हलवत नसत.

राजवर्धनचा एक नियम होता, आणि तो त्याने मामांना, मुलांना, अगदी सरोजिनी मॅडमनाही ऐकवला होता. नाव न लिहिलेली वस्तू या खोलीच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये.

वीस जानेवारीला तो शाळेच्या फाटकाशी आला. बारामतीच्या प्रयोगसाहित्याच्या दुकानातून दिव्यांसाठी पाच लिटर स्पिरिट आणायला स्वरूपानेच सांगितलं होतं. निळसर स्पिरिटचा पांढरा डबा त्याने गाडीवरून उतरवला. स्वरूपा समोरून आली. ओढणी दोन्ही खांद्यांवर व्यवस्थित टाचलेली.

"सतरा नंबर," ती म्हणाली आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. "बघून घ्या. नंतर तक्रार नको."

त्याने बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग डबा तिच्या हातात दिला, गाडीला किक मारली आणि कारखान्यावर जायला इंदापूरच्या ऐवजी बारामतीच्या दिशेने निघून गेला. थोड्या वेळाने परत त्याच रस्त्याने उलट जाताना दिसला. स्वरूपा दिवसभर एकटीच हसत होती.

डब्यावर चिठ्ठी नव्हती. ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

*

शनिवार, चोवीस जानेवारी. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं.

रसायनांच्या कपाटाची किल्ली स्वरूपाकडेच राहील, असं तिने स्वतःच ठरवलं होतं. त्या दिवशी मामांनी विचारलं, "बाई, सामान टेबलावर मांडू का?" आणि तिने किल्ली दिली. स्वतः शिक्षकांच्या खोलीतल्या आरशासमोर उभी राहिली. ओढणीची एक पिन वाकडी बसत होती. तिने ती तीनदा काढून तीनदा लावली.

साडेआठला दहावीची अडतीस मुलं आत आली. सरोजिनी मॅडम दाराजवळच्या खुर्चीत बसल्या, हातात छत्रीसारखी उभी धरलेली वही. राजवर्धन व्हरांड्यातल्या नळावर होता. डोळ्यांत काही गेलं तर धुवायला पाण्याची धार पुरेशी आहे का, ते बादली लावून बघत होता. मुलांच्या टेबलांवर चार दिवे पेटले होते.

आधी दाखवायचा होता मुगाएवढा सोडियमचा तुकडा पाण्यात. स्वरूपाने बरणीकडे हात नेला आणि थांबली.

बरणीतला द्रव निळा होता.

पॅराफिनला रंग नसतो. तिने वाकून पाहिलं. तुकड्यांवरून बुडबुड्यांच्या बारीक माळा वर चढत होत्या. काचेचं बूच घट्ट बसवलेलं. काच कोमट. आणि वास... दिव्यांचा वास, पण बरणीतून.

"मामा," ती आवाज न चढवता म्हणाली, "हे काय ओतलंत?"

मामांचा चेहरा फुलला. "रॉकेल, बाई! राजूसायबांनी आनलेलं. ते औशद टाकलं वतून, नि चांगलं गळ्यापतूर भरलं."

रेशनचं रॉकेल निळं असायचं. मामांच्या तीस वर्षांत निळं म्हणजे रॉकेलच. पण हे दिव्यांचं स्पिरिट होतं, आणि त्यात सोडियम तापतं, पेट घेणारा वायू सोडतं. तुकड्यांना चिकटलेल्या पॅराफिनने एवढा वेळ सोडियमला सांभाळलं होतं, आता ते निघत चाललं होतं.

"सगळ्यांनी ऐका." स्वतःचाच आवाज तिला शांत वाटला. "दिवे विझवा, टोपण घालून. फुंकर नाही. दप्तरं राहू द्या. मागच्या दारानं, एकामागं एक, पिंपळापर्यंत. पळायचं नाही. मॅडम, तुम्ही पुढच्या दारानं. मामा, तुम्हीसुद्धा."

चार टोपणं पडली. मुलं निघाली. पुढच्या बाकावरची अबोली दारात घुटमळली. "बाई, तुमी?"

"येते. जा."

शेवटचा मुलगा बाहेर पडला आणि बूच उडालं. छताला लागून फुटलं. बरणीतून फसफसून निळा द्रव टेबलावर आला, त्याबरोबर एक तुकडाही. तो क्षणभर नुसता सळसळला... आणि मग पिवळी ज्योत भपकन उभी राहिली.

स्वरूपाने वाळूची बादली उचलली होती. त्याच वेळी पुढच्या दारातून कुणीतरी ओरडलं, "स्वरूपा!"

राजवर्धन आत धावत आला. दोन्ही हातांत भरलेली बादली, आणि ती मागे झुकवलेली, फेकण्याच्या बेतात. पाण्याची.

"पाणी नाही!" ती ओरडली. आयुष्यात इतक्या जोरात ती कुणावर ओरडली नव्हती. "राजवर्धन, पाणी नाही! मागं हो!"

तो जागच्या जागी थिजला. बादलीतलं पाणी काठावर हेलकावलं, त्याच्या बुटांवर सांडलं. मग त्याने हातातल्या बादलीकडे असं पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणीतरी त्याच्या हातात दिली होती. दोन ढांगांत बाहेर गेला, बादली ठेवली आणि कोपऱ्यातली दुसरी वाळूची बादली घेऊन तिच्या शेजारी उभा राहिला.

"हळू," ती म्हणाली. "कडेनं."

"हो."

दोघांनी कडेकडेने वाळू सोडली. ज्योत आधी पसरट झाली, मग तुटली. बरणी वाळूच्या ढिगाखाली गेली. आणखी एक मूठ. धूर. थोडी चुरचुर. मग काहीच नाही.

स्वरूपाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ चाळीस.

पिंपळाखाली मुलं मोजली. अडतीस. तिने पुन्हा मोजली. अडतीस. कुणाला ओरखडाही नव्हता. मागून कुजबुज ऐकू आली, "सर बाईंना नुसतं 'स्वरूपा' म्हनले..." आणि दुसरी, "बाई तर 'मागं हो' म्हनल्या. 'हो'! 'व्हा' न्हाय!" आगीपेक्षा ही बातमी मोठी होती.

मामा पाराला टेकून बसले होते. "माज्यामुळं झालं, बाई. पोरं... पोरांना काय झालं असतं तर..."

स्वरूपा त्यांच्याजवळ उकिडवी बसली. "मामा, डब्यावर नाव नव्हतं. नाव लावायचं काम आमचं होतं."

"निळं दिसलं, नि मला वाटलं तुमी एवढं हुडकत हुता..."

"माहीत आहे मला."

*

तासाभराने दोघं मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. मध्ये अहवालाचा कागद. राजवर्धन लिहीत होता. बूट अजून ओले.

"डबा मी दिला, चिठ्ठी न लावता," तो म्हणाला. "हे पहिलं वाक्य."

"किल्ली मी दिली. हे दुसरं."

"ते नसलं तरी चालेल—"

"लिहा."

त्याने लिहिलं. मग मामांनी काय केलं ते लिहिलं, एकही जादा शब्द न घालता. मग त्याचं पेन थांबलं. "बादलीचं... लिहायलाच हवं का?"

"हवं."

"स्वरूपा, हे वाचून मॅडम कुलूप घालतील. सात महिने धडपडलीस तू या खोलीसाठी. 'आग लागली, विझवली', एवढं लिहिलं तरी खोटं होत नाही."

"अपुरं होतं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "खोली बंद झाली तर होऊ दे. पण मुलांना मी काय सांगणार? की चूक झाली तर अर्धीच लिहायची?"

मग मान खाली घालून त्याने ते वाक्य लिहिलं.

सरोजिनी मॅडमनी अहवाल सावकाश वाचला. दोघं उभे होते. प्रयोगशाळेची किल्ली मॅडमनी परत मागून घेतली होती, ती टेबलावरच होती, त्यांच्या हाताखाली.

"'निरीक्षक पाण्याची बादली घेऊन आत धावला. शिक्षिकेने त्याला अडवले.'" त्यांनी मान वर केली. "निरीक्षक म्हणजे तूच ना?"

"हो, मॅडम."

"किती वर्षं केमिस्ट आहेस?"

"नऊ."

"सोडियमवर पाणी टाकू नये, हे तुला मीच नववीत शिकवलं होतं."

"हो, मॅडम."

"इथं कारण लिहिलेलं नाही. कारणाशिवाय चूक लिहिली तर तो अहवाल होत नाही." त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. मग स्वरूपाकडे वळल्या. "आणि तुझंही. किल्ली दिलीस. का? तेही नाही."

राजवर्धनने पेन काढलं. बराच वेळ टोपण निघत नव्हतं. मग त्याने एक ओळ लिहिली आणि कागद तिच्याकडे दिला, नजर न देता.

स्वरूपाने वाचलं. बारीक, सरळ अक्षर. पण यावेळी एक खाडाखोड होती. 'आत शिक्षिका' खोडून वर लिहिलं होतं: 'आत स्वरूपा होती. तिला काही होईल या भीतीने मला बाकी काहीही आठवले नाही.'

पंखा फिरत होता. बाहेर मुलांचा गलका. तिने पेन मागितलं आणि आपल्या वाक्यापुढे लिहिलं: 'निरीक्षक येणार होते, म्हणून मी आरशासमोर होते.'

मॅडमनी दोन्ही ओळी वाचल्या. दोनदा. तोंडाची रेषा हलली नाही.

"तीन वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या, "इथं सहा मोठी माणसं उभी होती आणि एकालाही नळ सुचला नाही. त्यात मीही होते. आज आग लागली आणि अडतीस मुलं रांगेनं बाहेर गेली. दप्तरं मागं ठेवून." त्यांचा आवाज जरा बसला. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "मला वाटायचं, कुलूप घातलं म्हणजे मुलं सुरक्षित. सोमवारी तास घे. परीक्षेनंतरही घे. कपाटाची किल्ली कुणालाही द्यायची नाही. आरशासाठी तर नाहीच."

किल्ली टेबलावरून सरकत स्वरूपापुढे आली.

"आणि मामांना कुणी काही बोलायचं नाही. मी बोलेन त्यांच्याशी." मॅडमनी सही केली. "जा आता. वाळू भरून घ्या. उरलेलं जे काही सोडियम असेल त्याचं काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवा."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर स्वरूपा पायरीशी पोचली आणि मटकन खाली बसली.

"काय झालं?" राजवर्धन घाबरला. "लागलंय का कुठं?"

"नाही." तिने दोन्ही हात पुढे धरले. बोटं लटलट कापत होती. "आत्ता भीती वाटायला लागली. तेव्हा वाटलीच नाही बघ."

तो शेजारी बसला. मग त्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्याचेही कापत होते.

"तुझेही?" ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले, आणि तरीही हसू थांबेना.

"मी कागदावर लिहिलं ते..." तो म्हणाला. "तोंडानं सांगायला हवं खरं तर. मला नीट जमेल की नाही—"

"सांग. मला कुठं जायचंय?"

त्याने सांगितलं. अडखळत, मध्ये दोनदा थांबून, सहा-सात शब्दांत.

"माझंही तेच," स्वरूपा म्हणाली. "डिसेंबरपासून."

पिंपळाखालून अडतीस मुलं बघत होती. दोघांनाही ते माहीत होतं. हात कुणीच सोडवून घेतले नाहीत.